इतर

“ओढा आता,” रुचिरा म्हणाली.

आण्णांच्या बोटाला सिमेंट लागलं होतं, म्हणून टॅबची काच त्यांचं ऐकत नव्हती. तिनं आपल्या ओढणीच्या टोकानं ते बोट पुसलं आणि पुन्हा काचेवर टेकवलं. यादी सरसर वर गेली. आण्णा हसले. मिरजेतल्या नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहाचं आमचं काम चालू होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात, अजून दारं न बसलेल्या खोल्यांसमोर, मी थोडी मागं उभी राहून हे बघत होते. बापाला साइटवर असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

“पद्मा, इकडं ये. बघ ही काय करून दाखवायलीय.”

मी गेले. काचेवर राहिलेल्या कामांची यादी होती. कुठं दार घासतंय, कुठं स्विचबोर्डाचं झाकण नाही, कुठल्या नळाला गळती. इमारत उभी राहते मोठ्या कामांवर, पण ताबा द्यायच्या वेळी अडते असल्या बारक्यासारक्यांवर. ही यादी इतकी वर्षं मी लावत आले होते, आणि माणसांप्रमाणं लावत आले होते. प्लंबरची कामं एकीकडं, सुताराची एकीकडं, रंगाऱ्याची एकीकडं. सकाळी एकेकाला फोन करून त्याचं त्याला सांगायचं आणि दिवसभर त्याच्या मागं लागायचं.

“अक्का, मी खोलीप्रमाणे गट केलेत,” रुचिरा म्हणाली. “दोनशे सात म्हटलं की तिथलं सगळं एका जागी दिसतं. एक खोली पुरी झाली की कुलूप लावायचं आणि पुढची घ्यायची.”

“आणि दस्तगीरनं काय करायचं? एका खोलीत नळ बसवून सुताराची वाट बघत बसायचं?”

दस्तगीर आमचा प्लंबर. माझ्याआधीपासून आण्णांकडं होता.

“तसं नाही, अक्का. यादी तीच आहे. त्यांना हवी तर त्यांच्या—”

“तो एका दमात काम ओढणारा माणूस आहे. खोल्या-खोल्यांतून फिरवलंस तर उद्या दुसऱ्याच्या साइटवर दिसेल.”

आण्णांनी हात वर केला. तो हात वर गेला की साइटवर काँक्रीट मिक्सरसुद्धा बंद पडतो, असं कामगार म्हणायचे.

“असू दे, पद्मा. या कामाला रुचिरा म्हणेल तसं.”

रुचिरा माझ्या धाकट्या भावाची, अजितची बायको. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. ती पुण्याची, बी.ई. झालेली, तिथल्या एका मोठ्या बिल्डरच्या ऑफिसात हेच सॉफ्टवेअर चालवायची. अजित रस्त्यांची कामं घ्यायचा आणि महिन्यातले बरेच दिवस जतकडं असायचा. घरी एकटी बसून करणार काय, म्हणून आण्णा तिला साइटवर घेऊन आले.

मीही अशीच आले होते. माझं लग्न सोलापूरला झालं आणि तिथंच मोडलं. कोर्टाचं सगळं संपलं तेव्हा मी पंचविशीत होते, गाठीला सिव्हिलचा डिप्लोमा होता आणि घरात बसवत नव्हतं. आई नव्हती. आण्णांच्या मागं स्कूटरवर बसून साइटवर जायला लागले, त्याला चौदा वर्षं झाली होती. पण मला कुणी घेऊन आलं नव्हतं. मी आपण होऊन मागं बसले होते आणि आण्णांनी उतर म्हटलं नव्हतं, इतकंच.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एका बंगल्याच्या फरशीचा रंग चुकीचा मागवला गेला. आण्णांनी गवंड्यांच्या, बायाबापड्यांच्या देखत मला झाडली. “घरी जा, भाकऱ्या थाप!” हे वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं. मी गेले नाही. फरशीच्या गठ्ठ्यामागं बसून रडले आणि दुपारनंतर दुकानदाराशी भांडून माल बदलून आणला. आण्णांनी त्यावर हूं की चूं केलं नाही. माझं शिक्षण असं झालं. स्लॅबला पाणी कमी मारलं म्हणून, बिल उशिरा आलं म्हणून, आणि कधी कधी नुसतं ऊन फार आहे म्हणूनही मी बोलणी खाल्ली. हेच खरं शिकवणं, असं मी मनाशी धरून चालले होते. लोहार काय लोखंडाची पाठ थोपटतो?

आणि आता हे बोट पुसणं.

आण्णा दिवस मावळल्यावर जेवत नसत. आमच्या जैन घरांतल्या जुन्या माणसांची ती रीत. त्यामुळं संध्याकाळचा डबा साइटवरच लागायचा आणि तो मी आणायची. रुचिरा आल्यावर एके दिवशी तिनंच आणला. आण्णांनी भेंडीचा एक घास घेतला आणि म्हणाले, “वा!”

चौदा वर्षांत माझ्या डब्याला “मीठ आहे का?” याच्या पुढचा शब्द मिळाला नव्हता.

“अक्का, तुम्हाला त्रास नको म्हणून,” रुचिरा म्हणाली. “मी रोज आणत जाईन.”

“आण की,” मी म्हटलं आणि टाकीवर पाणी चढलं का बघायला वर गेले. टाकी सकाळीच भरलेली होती, ते मला माहीत होतं.

मत्सर हा मोठा कामसू असतो. त्याला एक दिवस सुट्टी नसते. शेडमध्ये आण्णांच्या खुर्चीशेजारी पूर्वी एक स्टूल असायचं, माझं. तिथं रुचिरासाठी पाठीची खुर्ची आली. ती माझ्या बसण्यासाठीही असू शकली असती, पण मी बसून बघितलं नाही. ठेकेदार काही विचारायला आले की आण्णा म्हणायचे, “रुचिराला विचारा.” मग ते आधी तिच्याकडं आणि नंतर चोरून माझ्याकडं बघायचे. ते चोरून बघणं मला तिच्याकडं बघण्यापेक्षा जास्त झोंबायचं. तिचे पंजाबी ड्रेस, तिचं ते “करतेय”, “सांगतेय”, वाळूच्या ढिगाऱ्यावरून चालताना चपला हातात न घेण्याची तिची ऐट, सगळं मी नजरेनं टिपून ठेवत होते. आणि ती वाईट नव्हती, हीच मोठी अडचण होती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

एक दिवस आण्णा म्हणाले, “पद्माच्या फोनमध्येपण घालून दे ते.”

रुचिरानं माझा फोन घेतला आणि अ‍ॅप घालून दिलं. “बघून ठेवा, अक्का. कामांचे जसे गट आहेत तसे माणसांचेपण आहेत. कुणाला काय दिसावं, कुणी काय बदलावं, ते त्यावरून ठरतं.”

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी एकटीनं ते उघडलं. ‘मालक’ या गटात आण्णा होते. ‘इंजिनिअर’ या गटात रुचिरा. ‘ठेकेदार’ या गटात दस्तगीर, सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन. माझं नाव दिसेना. मी बोटानं यादी वर ओढली, खाली ओढली. सगळ्यात शेवटी ‘इतर’ म्हणून एक गट होता. त्यात रात्रीचा वॉचमन, टँकरवाला, चहावाला जिन्नाप्पा आणि मी.

मी फोन पालथा घातला. तेवढ्यात जिन्नाप्पाच चहा घेऊन आला. म्हणाला, “अक्का, चेहरा का असा?”

“काही नाही. आपण दोघं एकाच खात्यात आहोत,” मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही. तो हसला, मीही हसले, आणि चहा मी तसाच बाजूला ठेवला.

मी रुचिराला विचारलं नाही. तिनंच घातलं असणार, यात मला शंका नव्हती. ते अ‍ॅप तिचं, गट तिचे. विचारलं असतं तर तिनं गोड आवाजात काही तरी समजावलं असतं, आणि तिचं समजावणं ऐकून घेण्याची माझी ताकद संपली होती. त्या दिवसापासून मी सांगितलेलं तेवढंच काम करायला लागले. इतर माणसानं इतरांसारखं वागावं.

वसतिगृहाचा ताबा द्यायची तारीख जवळ आली. ज्या ट्रस्टचं ते काम होतं, त्याच्या अध्यक्ष डॉक्टर आरवाडेबाई होत्या. सत्तरीच्या, पांढरं पातळ, हातात काठी, नजर मात्र सुईसारखी. सोमवारी मुली येणार होत्या. कुणी आटपाडीची, कुणी कवठ्याची, बऱ्याचजणी पहिल्यांदाच घर सोडून येणाऱ्या. त्याआधी शुक्रवारी बाई इमारत बघायला आल्या.

रुचिरानं टॅब त्यांच्यापुढं धरला. “हिरवं आहे ते पूर्ण झालेलं. दुसरा मजला सगळा हिरवा आहे, बघा.”

“हिरवं मी बघितलं,” बाई म्हणाल्या. “आता पाणी बघू. माझ्या मुली सकाळी एकदम आंघोळीला जाणार. वरचे सगळे नळ सोडा.”

नळ सोडले. पाणी धो धो पडायला लागलं. आण्णांचा चेहरा खुलला. बाईंना खालची अभ्यासिका दाखवायला सगळे पहिल्या मजल्यावर उतरलो. खिडक्या बघितल्या, पंखे लावून बघितले. बाई कौतुकानं काही म्हणणार इतक्यात त्यांच्या चष्म्यावर एक थेंब पडला. त्यांनी चष्मा काढून पुसला, वर बघितलं. ताज्या रंगाच्या छतावर ओलीचा डाग पसरत चालला होता. तिथून थेंब सुटत होते. थोड्या अंतरावर आणखी एक डाग उमटला.

रुचिरा टॅबवर बोटं चालवत होती, आणि चालवता चालवता तिची बोटं थांबली.

झालं होतं ते साधं होतं. प्रत्येक बाथरूमच्या गटात कामं होती, फरशी, सांधे भरणं, नळ, आणि शेवटी पाणी साठवून ठेवून खाली ओल येते का ते बघणं. फरशीचं काम संपलं तेव्हा रुचिरानं सगळे बाथरूम एकदम निवडून ‘पूर्ण’ केले होते. तिला फक्त फरशी पूर्ण करायची होती, पण गट सगळाच्या सगळा हिरवा झाला. पाण्याची परीक्षाही हिरवी झाली. दस्तगीरच्या फोनवरून ते काम गेलं. त्याला वाटलं, दुसऱ्या कुणी बघितलं असेल.

“माझ्याकडून झालं,” रुचिरा म्हणाली. “आण्णा, हे माझ्याकडून झालंय.”

मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि वाट बघायला लागले. आता आण्णांचा आवाज चढणार. आता तिची पुण्याची पदवी, तिचा टॅब, तिच्या खोल्या, सगळ्याचा उद्धार होणार, आणि तोही बाहेरच्या माणसांदेखत. मला तिची कीवही येत होती. एवढंसं तोंड झालं होतं तिचं. पण कीव आली तरी मला ते ऐकायचं होतंच.

आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“होतंय असं,” ते म्हणाले. “नवीन हत्यार आहे. हात बसायला वेळ लागतोय. घाबरायचं नाही.”

मग ते बाईंकडं वळले. “चूक आमची आहे. सोमवारच्या आत दुरुस्त करून देतो.”

“सोमवारी माझ्या मुली बिछाने घेऊन दारात उभ्या असतील,” आरवाडेबाई म्हणाल्या. “ओल्या छताखाली मी त्यांना झोपवणार नाही. त्यांना परत पाठवायची वेळ आणू नका. यातल्या काहीजणींना घरच्यांनी मोठ्या मुश्किलीनं सोडलंय. परत गेल्या तर पुन्हा येणार नाहीत.”

बाई गेल्या. मोटार फाटकाबाहेर पडल्याचा आवाज आला. अभ्यासिकेत आम्ही तिघं उरलो आणि छतातून पडणारे थेंब.

“पद्मा, दस्तगीरला बोलाव,” आण्णा म्हणाले.

मी हलले नाही.

“ऐकू आलं नाही काय?”

“आलं. इंजिनिअरला सांगा. मी इतर आहे.”

“काय?”

“त्या फरशीच्या वेळी काय म्हणाला होतात, आण्णा? आठवतं? सगळ्या गल्लीत? ‘होतंय असं’ म्हणाला होतात? माझ्या डोक्यावर कुठं ठेवला होता हात? मीपण नवीनच होते की! माझा हात बसायला वेळ नको होता?”

आण्णा बघतच राहिले. मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता कधी. मला वाटलं आता ते ओरडतील. मला तेच हवं होतं. पण त्यांचा आवाज खाली गेला.

“अगं, तुला बोललो ते हक्कानं बोललो. तू माझी आहेस. ती परक्याची पोर, तिला कसं बोलू?”

“हक्क काय नुसता ओरडायचाच असतो?” मी म्हटलं. “आणि माझी म्हणता, तर मला चहावाल्याच्या गटात कशाला घातलं? तूच सांग गं,” मी रुचिराकडं वळले. “चौदा वर्षं मी काय करत होते इथं? चहा देत होते?”

तिनं आण्णांकडं बघितलं. त्या बघण्यावरूनच मला कळलं.

“मी सांगितलं तसं,” आण्णा म्हणाले. “ती विचारत होती, अक्कांना इंजिनिअरमध्ये घालू ना? मी म्हटलं, नको.”

“का?”

ते खिडकीपाशी गेले. बाहेर वाळूच्या ढिगावर कुत्रं झोपलं होतं, त्याच्याकडं बघत बोलले.

“इंजिनिअर म्हटलं की सही आली. जबाबदारी आली. उद्या कुणी कोर्टात ओढलं तर तुला ओढणार. तू कोर्टाची पायरी एकदा चढलीस, तेवढी पुरे म्हटलं. आणि…” ते थांबले. “आणि मला वाटायचं, तू काय कायमची राहणारेस इथं? एखादं चांगलं स्थळ येईल, तुझ्या घरी जाशील. तुझं नाव कशाला अडकवून ठेवायचं.”

“चौदा वर्षं, आण्णा.”

“होय.”

“चौदा वर्षं तुम्हाला वाटत होतं, मी चार दिवसांची पाहुणी आहे?”

त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं मौन मला कळायचं. ते खोटं बोलत नसत. अडचण झाली की गप्प बसत.

“आणि मी?” रुचिरा मागून म्हणाली.

आम्ही दोघांनीही वळून बघितलं. खरं तर मी तिला विसरले होते. ती टॅब छातीशी धरून उभी होती आणि रडत होती. मघाशी चूक कबूल करताना रडली नव्हती.

“अक्का जाणार म्हणून त्यांचं नाव नाही घालायचं. आणि मी आलेय म्हणून परक्याची. मग या घरातलं कोण आहे, आण्णा? एवढं नुकसान केलं मी, आणि तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. मला केवढं बरं वाटलं होतं. मला वाटलं, घरचं माणूस म्हणून सांभाळून घेतलं. आता कळलं, पाहुण्याला कोण रागावणार?”

आण्णा जवळच्या उलट्या घमेल्यावर बसले. त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले, पुन्हा उचलले. एवढा दांडगा माणूस, एकाएकी त्यांना आपले हात कुठं ठेवावेत कळेना.

माझ्या डोक्यात राग तसाच होता. पण तो आता रुचिरावर ठेवता येईना. इतके दिवस जे तिनं माझं ओढून घेतलं असं मी समजत होते, ते तिच्याकडंही नव्हतं. मला ते आवडलं नाही. मत्सर करायला समोर कुणी भरलेल्या ताटाचं माणूस लागतं.

“रडू नको,” मी तिला म्हटलं, जरा तुसडेपणानंच. “सोमवारी मुली यायच्या आहेत. यादी काढ.”

तिनं डोळे पुसून टॅब उघडला. “खोलीप्रमाणे आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला माणसांप्रमाणे लागते ना? द्या तुमचा फोन. पहिल्या दिवशीच सांगत होते मी. यादी एकच असते. तुम्ही तुमच्या फोनवर माणसांप्रमाणे लावा, मी माझ्याकडे खोल्यांप्रमाणे. एकीनं केलं की दुसरीला दिसतं.”

“मग नीट सांगायचं नाही का?”

“तुम्ही वाक्य पुरं करू देत नव्हता.”

ते खरं होतं. मी फोन तिच्या हातात दिला.

त्यानंतरचे दोन दिवस आण्णा शेडमध्ये बसून होते आणि साइट आम्ही दोघींनी चालवली. कुठले बाथरूम फोडायचे ते ती ठरवायची, कुणाला कुठल्या क्रमानं बोलवायचं ते मी. भांडणंही झाली. तिला प्रत्येक बाथरूम फोडून बघायचा होता, मला फक्त गळणारे. शेवटी सगळ्यांत पाणी भरून ठेवलं, आणि मी म्हणत होते त्यापेक्षा एक जास्त गळका निघाला. तिच्या मानेचा ताठ कोन मी ओळखला. दस्तगीरनं पाइपांचे सांधे बदलले, गवंड्यांनी पुन्हा फरशी लावली. रविवारी परत पाणी भरलं आणि आम्ही दोघी अभ्यासिकेत माना वर करून उभ्या राहिलो. छत कोरडं होतं. छताचा रंग तेवढा राहिला. आरवाडेबाई म्हणाल्या, रंगावाचून मुली काही परत जात नाहीत.

सोमवारी मुली आल्या. ट्रंका, गाद्या, सोबत आलेले बाप, बांधून दिलेले लाडू. एका मुलीनं नळ सोडला आणि त्याखाली नुसताच हात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

आठवड्यानं मी आण्णांना सांगितलं, “मी माझी कामं घेणार. माझ्या नावानं.”

ते जेवत होते. घास हातात राहिला. वाटलं, म्हणतील नको. म्हणाले, “झेपंल?”

“बघू.”

“सही लागंल तुझी. सगळीकडं.”

“तेच तर पाहिजे.”

त्यांनी मान हलवली आणि जेवण संपवलं. रुचिरा मात्र भडकली. माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं.

“मला एकटीला टाकून चाललात?”

“आण्णा आहेत की.”

“तेच सांगतेय! आता मला ओरडायला लागलेत. काल जिन्याच्या कठड्यातल्या चुकीवरून दस्तगीरसमोर म्हणाले, घरी जा, भाकऱ्या थाप.” असं म्हणताना तिचे डोळे चमकत होते. रडण्याची चमक नव्हती ती.

मी हसले आणि तिला जवळ घेतलं. पण आतून तेही मला सहन झालं नाही. ते वाक्य माझं होतं.

माझं पहिलं काम म्हणजे कवठेमहांकाळच्या पुढं एका खेड्यातली शाळेची इमारत. चार वर्ग, एक ओसरी. पाण्याची बोंब, माणसं नवीन, बँक दारात उभं करत नव्हती. आण्णांकडं मी काही मागितलं नाही आणि त्यांनी काही विचारलं नाही. रुचिरा फोन करायची, यादी कशी लावली विचारायची. मी सांगायची माणसांप्रमाणं. ती म्हणायची, खोलीप्रमाणेही एकदा बघत जा. मी बघायची, पण तिला सांगायची नाही.

भिंती दारांवरच्या लिंटेलपर्यंत आल्या असतील. एका सकाळी वॉचमन ओसरीपाशी आला.

“अक्का, फाटकात एक म्हातारे आलेत. आत या म्हटलं तर येईनात. म्हणतात, आत विचारून ये, येऊ का म्हणून.”

मी बघितलं. फाटकाबाहेर बाभळीच्या विरळ सावलीत आण्णा उभे होते. धोतर, टोपी, हातात काही नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही साइटवर न विचारता घुसणारा माणूस, लोकांच्या साइटवर जाऊन त्यांच्या गवंड्यांना शिव्या घालणारा. फाटक उघडं होतं, तरी त्याच्या अलीकडं त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

मी गेले. तोंडानं ‘या’ म्हणायला मला जरा वेळ लागला. ते म्हटल्यावरच ते आत आले.

त्यांनी सगळी इमारत बघितली. भिंतीला हात लावला, ओळंब्याकडं बघितलं, एका कोपऱ्यात जरा जास्त वेळ थांबले. मला धडकी भरली. पण ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचं हेही मौन मला कळलं. बरं चाललंय.

“आलात कसे?” मी विचारलं. “एसटीनं?”

“रुचिरा घेऊन आली. गाडीत बसलीय तिकडं, वळणावर.”

मत्सर पुन्हा कामाला लागलाच. आजच्या दिवशीही तीच. माझ्या पहिल्या साइटवर, माझ्या बापाबरोबर.

“मग आत का नाही आली?”

“मी म्हटलं चल. म्हणाली, आधी तुम्ही एकटे जा, आण्णा. अक्कांना बरं वाटेल.”

मला बरं वाटलं. आणि मला बरं वाटेल हे तिला आधी कळलं होतं, याचा रागही आला. मी वॉचमनला हाक मारली आणि वळणावरची गाडी आत घेऊन यायला सांगितलं.